आठ गाई आणि दोन माणसं



या पानावर मी एरवी बियाणे, खताच्या मात्रा आणि कीड-रोग यांविषयी लिहीत असतो. आज मात्र तुमच्या-माझ्या घरातल्या एका दुखण्याविषयी लिहिणार आहे. या दुखण्यावर औषधाची बाटली मिळत नाही आणि विद्यापीठाची शिफारसही निघालेली नाही. पण इतकी वर्षे गावोगाव फिरताना ते मी इतक्या घरांत पाहिले आहे, की त्यावर न लिहिणे म्हणजे पिकावरचा रोग दिसत असताना बांधावरून मुकाट्याने परत येण्यासारखे होईल.

२०२३ सालचा आषाढ. कृष्णाकाठच्या एका गावी उसाचा खोडवा पाहायला गेलो होतो. शेतकरी माझ्या चांगल्या ओळखीचा. तीन एकर बागायत, त्यात निम्मा ऊस, बाकी मका आणि गवत. गोठ्यात आठ संकरित गाई. आमच्या कार्यालयाच्या यादीत ‘प्रगतिशील’ म्हणून नाव असलेला माणूस. कोणी पाहुणे, प्रशिक्षणार्थी आले की आम्ही त्यांना त्याच्याच गोठ्यावर नेतो. खोडवा पाहून घरी आलो, ओसरीवर बसलो. दादा डेअरीत गेला होता. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “साहेब, गाई वाढवा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना ह्यांना? मग आता घरी या म्हणून पण तुम्हीच सांगा. माझं तर ऐकत न्हाईत.”

मी हसण्यावारी नेणार होतो, पण त्या हसत नव्हत्या. “अहो, घरीच तर असतात की ते,” मी म्हणालो. “असतात की,” त्या म्हणाल्या. “म्हशीगत पाठ टेकतात. जेवताना बोलावं तर डोळं मिटल्यालं. बोलायचं ते गाईसंगं बोलतात. चार महिनं झालं, माझ्यासंगं धड चार वाक्यं न्हाईत. बोललो तर भांडणच.”

आता कबूल करतो, की त्या गोठ्यात दोनाच्या आठ गाई झाल्या त्यात माझा हात होता. २०१६ साली मीच त्या ओसरीवर बसून कागदावर हिशेब मांडला होता. इतकी गाय, इतके दूध, इतके पशुखाद्य, इतका शिल्लक नफा. हिशेबात चारा धरला, औषध धरले, बँकेचे व्याज धरले. दोन माणसांचे तास मात्र धरले नाहीत. ‘घरची मजुरी’ असे लिहून पुढे रेघ मारली. ती रेघ त्या दिवशी आठवली.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरात काम जास्त असणारच, त्यात नवल काय? ते खरे. पण पूर्वीच्या कष्टाला खंड होता. आमच्या भागात अनेक गावांत सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू देत नसत. बैल थांबला की माणूसही थांबे. पीक निघाले की चार दिवस मोकळीक मिळे, जत्रा होई, लेक माहेरी जाई. संकरित गाईला सोमवार नाही. दिवसात दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने तिच्या धारा निघाल्याच पाहिजेत. सण असो, मयत असो, अंगात ताप असो. त्यात शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून सुरू झाली आणि तिच्यामुळे काही भागांत शेतीला दिवसाची वीज मिळू लागली, हे चांगलेच झाले. पण जिथे ती पोचलेली नाही तिथे रात्री दहाला बॅटरी आणि काठी घेऊन घरधनी उसाला दारे धरायला जातो आणि घरची बाई तो परत येईपर्यंत कूस बदलत पडते. सापाची भीती आहे, जुन्नरसारख्या भागात बिबट्याचीही आहे. सकाळी दोघेही जागरणाने चिडलेले असतात, आणि भांडण होते ते चहात साखर कमी पडली म्हणून.

त्या घरात सासूबाईही होत्या. आमचे बोलणे ऐकून आतून म्हणाल्या, “आम्ही मोटंवर राबलो, पोरं पाठीला बांधून भांगलण केली. आम्ही कुठं रुसून बसलो?” सासूबाईंचा मान ठेवून मी एवढेच विचारले, “मावशी, मोटंचं बैल दुपारी सोडत होता का न्हाई?” त्या म्हणाल्या, “सोडत हुतो की, न्हाईतर बैल मरंल.” मग त्या गप्प बसल्या. बरे झाले, मला पुढचे बोलावे लागले नाही.

दादा आला. मी त्याला नवरा-बायकोच्या भांडणाविषयी काहीच विचारले नाही. पुरुषमाणूस त्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे मी स्वतःवरून जाणतो. दुधाची वही मागितली. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला दादाचा दिवस, दुसऱ्या बाजूला वहिनींचा. घड्याळाप्रमाणे, उठल्यापासून. आणि एक अट घातली, की आधी त्याने तिचा दिवस सांगायचा आणि तिने त्याचा.

दादाने वहिनींचे काम सांगितले ते सहा-सात तासांचे भरले. “सैपाक, धुणं-भांडी, शेणघाण. दुपारी पडते की जरा.” वहिनींनी दादाचे सांगितले तेही फार मोठे नव्हते. “धारा काढतात, डेअरीत जातात, तिथं पारावर तासभर जातोच. मग रानात.” दोघेही एकमेकांकडे रागाने पाहत होते. मग ज्याने त्याने आपला दिवस स्वतः सांगितला आणि मी लिहीत गेलो.

दादाचा दिवस असा निघाला. पहाटे सव्वाचार ते साडेसहा गोठा आणि धारा. मग तासभर डेअरी. आठ ते एक शेत. दुपारी दोन तास पेंड आणणे, मोटारीची दुरुस्ती, बँक, सोसायटी. साडेचार ते सात पुन्हा धारा आणि डेअरी. बेरीज पावणेतेरा तास. रात्रीच्या विजेचा आठवडा असला की त्यात चार तास आणखी, म्हणजे पावणेसतरा.

वहिनींचा दिवस लिहिताना माझेच पेन अडखळले. साडेचारला उठून दीड तास शेण काढणे, गोठा धुणे. मग अडीच तास चहा, पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे. नऊ ते बारा वैरण. वाचकहो, इथे जरा थांबा. एका संकरित गाईला दिवसाला वीस ते पंचवीस किलो हिरवा चारा लागतो. आठ जनावरांचा झाला दोन क्विंटलपर्यंत. तो रोज कापायचा, पेंढ्या बांधायच्या, वाटेपर्यंत डोक्यावर आणायचा. हे काम त्या एकट्या करीत. त्यानंतर एक तास कुट्टी आणि गव्हाणीत टाकणे. दुपारी दोन तास भांगलण किंवा धुणे. साडेचार ते साडेसहा पुन्हा शेण आणि वैरण. साडेसहा ते साडेनऊ स्वयंपाक, भांडी, सासूबाईंचे औषधपाणी. बेरीज पंधरा तास. त्यात दुपारी ‘पडणे’ कुठेही बसत नव्हते.

हे एकाच घरापुरते आहे असे समजू नका. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ बिनमोल घरकामात जातो आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. म्हणजे तिचे पाच तास आणि त्याचा सुमारे दीड तास. गोठा आणि शेतातले राबणे त्याखेरीज.

दादाने दोन्ही बेरजा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाला, “म्हंजे रोजच्या दिसात हिचं माझ्यापेक्षा जास्त हाय.” वहिनी लगेच म्हणाल्या, “आणि रातीच्या पाळीला ह्यांचं.” त्या घरात किती दिवसांनी कुणी कुणाची बाजू घेतली असेल, देव जाणे.

पण खरी गाठ पुढे होती. मी विचारले, “दादा, सहा गाईंवर थांबला असतास तर चाललं नसतं का?” त्याने वहिनींकडे पाहिले, मग जमिनीकडे. २०२० च्या टाळेबंदीत दुधाचे दर पडले तेव्हा बँकेचा हप्ता तुंबला म्हणून त्याने गावातल्याच एकाकडून व्याजाने पैसे उचलले होते. दर पडले म्हणून दूध वाढवायचे, दूध वाढवायचे म्हणून गाई वाढवायच्या. आपल्यातले किती जण असे करतात! भाव उतरला की आपण आपले कष्ट वाढवून ती तूट भरू पाहतो, कारण कष्ट फुकट मिळतात असे आपल्याला वाटते. ते उसने पैसे फिटावेत म्हणून हा माणूस तीन वर्षे राबत होता, आणि बायकोला त्यातला एक रुपयाही माहीत नव्हता.

त्या संध्याकाळी त्या घरात चूल उशिरा पेटली. वहिनी कर्जावरून चिडल्या नव्हत्या. त्यांचे एकच म्हणणे होते, “तीन वर्सं मला वाटलं, ह्यांचं मन उडालं माझ्यावरनं. एवढं तरी सांगायचं हुतं.” दादा म्हणाला, “तुला घोर नको म्हणून...” पुढे तो बोलू शकला नाही. मी उठलो. अशा वेळी परक्याने थांबू नये.

इथे माझे स्वतःचे सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, साहेब लोकांना शिकवतात. २०१५ नंतर जलयुक्त शिवारची कामे जोरात होती. सकाळी सातला मोटारसायकल काढायची, रात्री नऊ-दहाला परत. आढावा बैठका, बांधबंदिस्तीची मापे. मला वाटे, मी केवढे काम करतो आहे! एकदा महिनाअखेरीस भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा मोजत होतो, तर काही तारखांना निळ्या शाईचे ठिपके दिसले. बायकोला विचारले, हे कसले? ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही घरी जेवलात.” तीस दिवसांत चार ठिपके होते. तिने आवाज चढवला असता तर मी वाद घातला असता. ठिपक्यांशी काय वाद घालणार?

म्हणून माझ्या भगिनींना सांगतो, की ‘तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही’ हे वाक्य राबून आलेल्या माणसाच्या वर्मी लागते आणि तो दुसऱ्या दिवशी आणखी लवकर घराबाहेर पडतो. शेत ही पुरुषाची लपायची जागा आहे. घरात कटकट झाली की त्याला एकदम बांध नीट करायचा आठवतो. तो आत येताक्षणी बोलू नका, सासू-सासऱ्यांदेखत बोलू नका. त्याचे अंग धुऊन, दोन घास पोटात गेल्यावर, एकच गोष्ट बोला आणि ती मोजता येईल अशी बोला. ‘बुधवारी पोराच्या शाळेत पालकांना बोलावलंय, चार वाजता तुम्ही पाहिजेत,’ असे. आणि बंधूंनो, बायको ‘तुम्ही घरात नसता’ म्हणते तेव्हा तिला कर्जाचे आकडे फेकून मारू नका. ते आकडे आधीच, शांतपणे, वही उघडून सांगायचे असतात. ज्या बाईने गोठा सांभाळला तिला गोठ्यावर किती बोजा आहे हे कळलेच पाहिजे.

आता माझ्या खात्याचे बोलतो, कारण नुसत्या समजूतदारपणाने दोन क्विंटल वैरण कापली जात नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. दोघांनी वहीचे ते पान जपून ठेवले होते. रोजची वैरण हा सगळ्यात मोठा बोजा होता, म्हणून मुरघासावर बोलणे झाले. मका कणसात दाणा चिकाचा असताना कापायचा, कुट्टी करायची आणि पिशवीत किंवा खड्ड्यात दाबून दाबून भरायची. हवा राहता कामा नये. साधारण दीड महिन्याने तो खायला घालता येतो. यंत्र आणि मजूर लावून दोन-तीन दिवसांत कित्येक महिन्यांची वैरण साठते, रोजचे तीन तासांचे कापणे मोडते. बुरशी आलेला थर मात्र काढून टाका, तो जनावराला घालू नका. खर्च होतो, खोटे कशाला सांगू. पण त्या खर्चासमोर वहिनींचे रोजचे तीन तास ठेवून पाहा.

दुसरे, मुक्तसंचार गोठा. दावणीला बांधलेल्या गाईचे शेण रोज दोनदा काढावेच लागते. घराशेजारी झाडाची सावली असलेली मोकळी जागा जाळीने बंदिस्त केली, एका मोठ्या जनावराला सुमारे दोनशे चौरस फूट जागा धरली, पाण्याचा हौद आत ठेवला, की गाई आपणहून फिरतात, पाणी पितात, बसतात. उघडिपीत शेण तिथेच वाळते, रोज भरावे लागत नाही. गव्हाणीजवळची जागा तेवढी झाडायची. पावसाळ्यात चिखल होऊ देऊ नका. मुरूम टाका, पाणी बाहेर काढा, नाहीतर कासेला दगडी होईल आणि वाचलेला वेळ डॉक्टरमागे धावण्यात जाईल. दूध काढण्याचे यंत्र त्यांनी पुढे घेतले. ऊस ठिबकवर घेतल्यावर रात्री दारे धरणे संपले. मोटारीला ऑटोस्विच बसवून झोपावे असे पुष्कळांना वाटते, पण वीज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येऊन ते जळते; मग गावच्या गाव आठ दिवस अंधारात. तो मार्ग मी सुचवत नाही.

आणि गाई? दादा भाकड विकायला निघाला होता. भाकड घेतो कोण? वहिनीच म्हणाल्या, “चांगली विका. एक गाभण, एक दुभती.” दादाला ते जिवावर आले. ती दुभती त्याची लाडकी होती. पण दोन गाई विकून गावातल्या सावकाराचे पैसे बरेचसे वारले, आणि जे उरले ते किती आहेत हे आता दोघांना ठाऊक आहे. दूध उतरले, उत्पन्न थोडे कमी झाले. पण यादीतून त्यांचे नाव मी काढलेले नाही.

दोन गोष्टी न सांगता मला पुढे जाता येत नाही. जागरणाने पेंगुळलेल्या माणसाने फवारणीचा पंप पाठीला घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, पण दमलेला माणूस तोंडाला फडके बांधायचे विसरतो, वाऱ्याची दिशा पाहत नाही, जेवणाआधी हात धुवायला कंटाळतो. घरच्या माणसाने अशा वेळी खुशाल भांडावे आणि पंप लपवून ठेवावा. तसेच, इतका दमूनही ज्याला रात्र रात्र झोप येत नाही, जो अबोल झाला आहे, जेवणावरून मन उडाले आहे, दारू वाढली आहे किंवा ‘मी नसतो तर बरं’ असे काही बोलून जातो, त्याला आळशी किंवा तऱ्हेवाईक म्हणू नका. ते आजारपण आहे. त्याला एकटे सोडू नका, सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतूनही.

आणि हात उगारणाऱ्या नवऱ्याला ‘दमून आला असेल’ म्हणून माझ्या लेखाचा आधार कुणी देऊ नये. दमणूक ही मारहाणीची सबब होत नाही. त्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि १८१ हा महिलांचा क्रमांक आहे.

त्या घराने सोमवार धरला आहे. बैलाचा होता, आता माणसांचा. सोमवारी संध्याकाळच्या धारा थोरला मुलगा काढतो आणि दोघे बाजाराला जातात. घेण्यासारखे काही नसले तरी जातात. पहिल्या सोमवारी म्हणे वाटेत बोलायला काहीच सुचेना, म्हणून जाताना गाईंविषयीच बोलले. वहिनींनी हे मला हसत सांगितले.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच वहिनी म्हणाल्या, “साहेब, ह्यांच्या डोक्यात परत सातवी गाय आलीया. दर जरा बरा मिळतोय न्हवं.” दादा खाली मान घालून गालात हसत होता. “पहिलारू हाय, साहेब. पंधरा लिटरला मरण न्हाई.” दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोललो नाही. दुधाची वही मागितली, मागचे कोरे पान काढले आणि मधोमध रेघ मारली.